दोर वळतो, अडते ती खुर्ची

बर्फाच्या उतारावरची चेअरलिफ्ट, म्हणजे फिरत्या दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसांना डोंगरावर नेणारी यंत्रणा, नकाशावर पाहिली तर बहुतेक वेळा ती सरळ रेघ असते. खाली एक स्टेशन, वर एक स्टेशन आणि मधले खांब पट्टीने आखल्यासारखे एका ओळीत. मधे कडा आला, घळ आली, दुसऱ्याची जमीन आली, तरी रेघ शक्यतो वाकवत नाहीत. स्टेशनच इकडेतिकडे सरकवून पाहतात. याचा अर्थ दोर वळवता येत नाही असा नाही. प्रत्येक टोकाला तो मोठ्या चाकाभोवती पुरता १८० अंशांत वळतोच. अडचण दोराची नाही, दोराला धरून बसलेल्या पकडीची आहे.

आधी जोराचा हिशेब करू. दोराच्या एका पदरात २० टन ताण आहे आणि तो ३० अंशांत वळवायचा आहे असे धरा. वळणाच्या आतल्या बाजूला ओढ बसते ती ताणाची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाची ज्या (साइन), म्हणजे सुमारे १०.४ टन. हे झाले एका पदराचे. जाणारा आणि येणारा असे दोन्ही पदर एकाच बाजूला ओढतात, त्यामुळे खांबावर वीस टनांहून जास्त आडवा जोर येतो, तोही जमिनीपासून आठ-दहा मीटर उंचीवर. साध्या खांबाचा पाया मुख्यतः खाली दाबणाऱ्या वजनासाठी असतो. इथे त्याला उलथून पाडणाऱ्या जोराशी झुंजावे लागते, म्हणून वळणाच्या खांबाला काँक्रीट कितीतरी जास्त लागते.

पण काँक्रीट ओतून हा प्रश्न सुटतो. पुढचा तसा सुटत नाही.

नेहमीच्या खांबावर दोर रबरी अस्तराच्या कप्प्यांवरून धावतो. कप्प्या जोडीजोडीने झुलत्या आडव्या पट्ट्यांवर बसवतात, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा वाटला जातो. वळण दोन-तीन अंशांचेच असेल तर या कप्प्यांची रांग थोडी तिरपी करून भागवता येईल, असे वाटते. किती तिरपी? ३ अंशांच्या वळणाला आडवी ओढ साधारण १ टन. खांबावर दोराचा खाली येणारा भार खुर्च्या भरलेल्या असताना ४ टन असेल, तर दोन्हींचा एकत्रित जोर उभ्या रेषेपासून १५ अंश कलतो. खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि भार २ टनांवर आला, की तोच जोर २८ अंशांवर जातो. कप्पी मात्र एकाच कोनात पक्की केलेली. सकाळच्या गर्दीला जमेल असा कल दिला तर रिकाम्या वेळी दोर खाचेच्या कडेवर चढू पाहतो. त्यात वाऱ्याचा झोत किंवा अस्तरावर बर्फाचा थर आला की दोर उतरलाच. म्हणून खांबावर दोर झेलणारे आकडे आणि दोर सरकताच तुटणारी ठिसूळ पट्टी असते. पट्टी तुटली की विजेचे वर्तुळ खंडित होते आणि लिफ्ट थांबते. रोजच्या वळणासाठी या शेवटच्या उपायांच्या भरवशावर राहता येत नाही.

वळण मोठे असेल तर मग चाक किंवा कप्प्यांची रांग आडवीच बसवावी लागते. इथे लिफ्टची भूमिती आडवी येते. दोर म्हणजे एक बंद माळ. दोन्ही टोकांची चाके या माळेच्या आत असतात आणि खुर्चीचा दांडा बाहेरच्या अंगाला लटकतो, म्हणून पकड चाकाला न खेटता फिरून येते. आता मधे ही माळ डावीकडे वाकवा. उजवा पदर बाहेरून वळतो, त्याचे चाक माळेच्या आत येते, सगळे ठीक. डावा पदर मात्र आतल्या बाजूला दबतो, आणि त्याला दाबणारे चाक माळेच्या बाहेर बसवावे लागते. नेमक्या त्याच बाजूला दांडा असतो! प्रत्येक खुर्ची चाकावर आदळायला आल्यासारखी येणार. पकड आणि दांड्याचा आकार बदलून, मोठ्या चाकाऐवजी लहान कप्प्यांची रांग लावून यातून वाट काढता येते, पण दोराला कायम आवळलेल्या पकडीच्या लिफ्टवर हे काम किचकटच. कागदावर आणखी एक तोड आहे: फक्त चढणारा पदर वळवायचा आणि उतरणारा सरळ आणायचा. माळेचा त्रिकोण होतो, तिन्ही चाके आतच राहतात. त्यासाठी दोन पदरांना वेगवेगळे खांब आणि जंगलातून दोन वेगळे पट्टे मोकळे करावे लागतात, हे ओघाने आलेच.

खरे उत्तर सरळ आहे: वळणावर खुर्चीने दोर सोडून द्यावा.

सुटणाऱ्या पकडीच्या लिफ्टमध्ये हे एरवीही टोकाच्या स्टेशनांत घडतच असते. १९८१ साली अमेरिकेतल्या ब्रेकनरिज इथे अशी चौघांची वेगवान चेअरलिफ्ट आली आणि पुढे हीच पद्धत रूढ झाली. कोनाच्या, म्हणजे वळणावरच्या, स्टेशनात तेच तंत्र टोकाऐवजी मधे वापरतात. सेकंदाला ५ मीटर वेगाने आलेली खुर्ची आधी तोंड रुंद असलेल्या मार्गदर्शक पट्ट्यांत शिरते, तिथे तिचे झुलणे आवरते. पकडीवरची छोटी चाके रुळावर चढतात. मग एक उतरती पट्टी पकडीची तरफ दाबते, जबडा उघडतो आणि दोर त्यातून बाजूला होतो. आता खुर्ची रुळावर आहे आणि डोक्यावरच्या रबरी टायरांची रांग तिला पुढे ढकलते. प्रत्येक टायर आधीच्यापेक्षा थोडा हळू फिरतो. टायर एकमेकांना पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि त्यांना गती बहुधा धावत्या दोराकडूनच मिळते, त्यामुळे लिफ्टचा वेग कमी-जास्त केला तरी दोघांचे गणित जुळलेले राहते.

मग रूळ वळतो. तिकडे मोकळा झालेला दोर हव्या त्या चाकावरून, हव्या त्या बाजूने नेता येतो. चाक आत की बाहेर हा प्रश्नच उरत नाही.

वळणावर वेग किती ठेवायचा, हा डिझाइनचा खरा खल. ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर पूर्ण ५ मीटर वेगाने गेले तर खुर्ची २७ अंश बाहेर झुकेल. प्रवाशाची बोबडी वळेल आणि पायातल्या स्की स्टेशनच्या खांबांना लागतील. वेग निम्मा केला की झुकाव सात अंशांवर येतो. झुकाव वेगाच्या पटीत नव्हे, वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो, म्हणून थोडी गती घटवूनही बरेच काम होते. तिथेच चढ-उतार करायची असेल तर चेअरलिफ्टचा वेग १ मीटरच्या आसपास आणावा लागतो. सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद या सुखावह दराने ५ वरून १ वर यायला १२ मीटर रूळ लागतो, पुन्हा वेग घ्यायला तेवढाच. वळण वेगळे. दोन्ही पदरांना ही सगळी यंत्रणा बसवायची, म्हणजे एका वळणासाठी जवळजवळ एक अख्खे स्टेशन उभारावे लागते. टायरांनाही वळणाचा त्रास होतो. सरळ रांगेत शेजारच्या टायरांचे आस समांतर असतात आणि साधा पट्टा चालतो. कमानीवर प्रत्येक आस थोडा फिरलेला, म्हणून तिथे तिरकस दात्यांचे गिअर किंवा ढकलणारी साखळी लागते. झीज इथेच आधी होते.

बाहेर पडताना उलटा क्रम: वेग वाढतो, दोराशी जुळतो, जबडा मिटतो. लगेच तपासणी होते, जबडा पूर्ण बसला का आणि स्प्रिंगचा दाब पुरेसा आहे का. शंका आली तर खुर्ची स्टेशनबाहेर पडण्याआधी लिफ्ट थांबते. वेग जुळण्यात चूक राहिली तर जबडा दोरावर घसरतो आणि दोराच्या बाहेरच्या तारा घासल्या जातात.

हाँगकाँगच्या न्गाँग पिंग केबलवेत हे मोठ्या प्रमाणावर दिसते. २००६ साली सुरू झालेल्या या ५.७ किलोमीटरच्या मार्गावर कोनाची दोन स्टेशने आहेत. विमानतळाच्या बेटावरच्या स्टेशनात मार्ग सुमारे ६० अंश वळतो, आणि प्रवासी केबिनमध्ये बसूनच पुढे जातात. तिथे वजन पेलणारे दोर वेगळे आणि ओढणारा वेगळा, तरी वळणाचे तत्त्व हेच.

शेवटचा निर्णय असतो एक दोर की दोन. एकच दोर ठेवला तर एका मोटरवर भागते, पण प्रत्येक जादा चाकाभोवती दोराला वाकावे लागते. ३ किलोमीटरची माळ ५ मीटर वेगाने दहा मिनिटांत एक फेरी करते. आठ तासांत दोराचा प्रत्येक भाग त्या चाकावरून ४८ वेळा जातो. वाकण्याने आतल्या तारा थकून तुटतात, त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून दोराची चुंबकीय तपासणी करतात, आणि चाकाचा व्यास दोराच्या ८० ते १०० पट, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या दोराला ४ मीटरच्या आसपास ठेवतात. दोन दोर केले तर कोनाच्या स्टेशनात दोन स्वतंत्र लिफ्ट भेटतात आणि खुर्च्या एकीवरून दुसरीवर जातात. मोटर दोन, ताण देणारी यंत्रणा दोन, शिवाय खुर्च्यांमधले अंतर जुळवत राहण्याचे झंझट. फायदा एवढाच की वरच्या टप्प्यावर वारा वाढला तर तो बंद करून खालचा चालू ठेवता येतो, आणि उघड्या डोंगरमाथ्यावर तो फायदा लहान नसतो.