चौकोन दिसले तर फॉन्ट, प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूरच गेला

ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात बिलावर मराठी नावाऐवजी भलतंच काही छापून आलं की कमिटीतलं कोणीतरी लगेच म्हणणार, "फॉन्ट नाहीये, फॉन्ट टाक." मग मंगल टाका, नोटो टाका, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा तेच. अहो, आधी बघा तरी चौकोन आलेत का प्रश्नचिन्हं!

चौकोनांचं बहुतेकांना माहितीये. मजकूर शाबूत असतो, फॉन्टात त्या अक्षराचा आकार नसतो. ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, आलं २००८ ला, ₹ आलं २०१० ला, त्याआधीच्या फॉन्टात ही कुठून असणार? विंडोज १० वर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट निवडा, विषय संपला. फॉन्ट मशीनवर असूनही चौकोन येत असतील तर ते ॲप दुसऱ्या फॉन्टातून अक्षर उसनं घेत नाहीये, तेव्हा ॲपच्या आतच फॉन्ट बदला, विंडोजमध्ये ढीगभर फॉन्ट ओतून काही होत नाही.

आता प्रश्नचिन्हं, कारण खरा घोळ इथेच आहे. 'ठाणे' लिहिलं होतं आणि चार प्रश्नचिन्हं दिसतायत, म्हणजे ठ, काना, ण आणि मात्रा, प्रत्येकाच्या जागी एक, तर समजा की कुठल्यातरी प्रोग्रामने मजकूर सेव्ह करताना जुनं एएनएसआय एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) वापरलं, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून त्याने प्रत्येक अक्षर फेकून तिथे खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं. फाइलमध्ये आता प्रश्नचिन्हंच आहेत. जगातला कुठलाही फॉन्ट ती परत 'ठाणे' करणार नाही. बॅकअप शोधा, नाहीतर पुन्हा टाइप करा.

हे नव्वद टक्के एक्सेलमध्येच होतं असं माझं मत. सेव्ह ॲजमध्ये नुसता 'कॉमा डिलिमिटेड' सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) निवडला की मराठी गेली, आणि लबाडी अशी की उघड्या शीटमध्ये ती तशीच छान दिसत राहते, फाइल बंद करून परत उघडली की मग बोंब. त्याच यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असतो, म्हणजे देवनागरी मावणाऱ्या एन्कोडिंगमधला, तोच घ्या, कायम. नोटपॅड निदान सेव्ह करताना इशारा तरी देतं, पण तिथे वाचतं कोण, सगळे ओके दाबून मोकळे.

खात्री करायची तर मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. चौकोनांचं मराठी झालं तर फॉन्टचा दोष, प्रश्नचिन्हं तशीच राहिली तर मजकूर गेलेला.

इंग्रजी ए वर तिरकी रेघ आणि मध्येच येनची खूण असा कचरा दिसला तर मात्र घाबरू नका, तो यूटीएफ-८ मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातोय, एका देवनागरी अक्षराचे तीन बाइट्स म्हणून तीन-तीन चिन्हं. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट घेऊन फाइल ओरिजिनला ६५००१ निवडा, मराठी परत येते. काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह दिसलं तर फाइल बहुधा अजून ठीक असते, पण त्या अवस्थेत चुकूनही सेव्ह दाबू नका, तसंच बंद करा आणि योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा.