खरपूस समाचार: रेस्टॉरंटची झोडपणी करणाऱ्या परीक्षणांची पार्श्वभूमी

एखाद्या रेस्टॉरंटचा खरपूस समाचार घेणारे परीक्षण छापून आले, की त्या रेस्टॉरंटची पायरी कधीही न चढणारे लोकसुद्धा ते चवीने वाचतात. स्तुतिपर परीक्षणांना हे भाग्य क्वचितच लाभते. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राचे तेव्हाचे समीक्षक जे रेनर यांनी तर २०१२ मध्ये आपल्या निव्वळ नकारात्मक परीक्षणांचे पुस्तकच काढले. मात्र या ओढीमागे केवळ दुसऱ्याची फजिती पाहण्याची हौस आहे, असे मला वाटत नाही. समीक्षकाने आधी काही शिस्त पाळलेली असते, म्हणूनच त्याच्या तिखट वाक्यावर मोकळेपणाने हसता येते.

ही शिस्त सुरुवातीला नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर उमरावांच्या मुदपाकखान्यांतले अनेक आचारी पॅरिसमध्ये रेस्टॉरंटकडे वळले आणि हाती नव्याने पैसा आलेल्या वर्गाला कुठे खावे हे सांगणारा कोणीतरी हवा होता. पेशाने वकील आणि मूळचे नाट्यसमीक्षक असलेले ग्रिमो द ला रेनिएर यांनी १८०३ ते १८१२ या काळात खवय्यांसाठी वार्षिकाचे आठ भाग काढून ही गरज भागवली. दुकानदार आपला माल त्यांच्या परीक्षक मंडळाकडे पाठवत आणि मंडळ तो चाखून निवाडा देई. फुकट आलेल्या मालावरच्या निवाड्याबद्दल शंका घेतली जाणे ओघानेच आले.

‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९५७ साली खाद्यसंपादक झालेल्या क्रेग क्लेबोर्न यांनी ही शंका मुळापासून दूर केली. ओळख लपवून जायचे, एकाच भेटीवर मत बनवायचे नाही आणि बिल वृत्तपत्राने भरायचे, हे त्यांचे नियम पुढे या व्यवसायाचा पाया ठरले.

याच वृत्तपत्राचे तेव्हाचे समीक्षक पीट वेल्स यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधील, दूरचित्रवाणीवरचे लोकप्रिय आचारी गाय फिएरी यांच्या पाचशे आसनांच्या रेस्टॉरंटवर लिहिलेले परीक्षण या प्रकारातले सर्वांत गाजलेले म्हणावे लागेल. जवळजवळ संपूर्ण मजकूर फिएरींना विचारलेल्या प्रश्नांचा आहे. तुम्ही स्वतः इथे कधी जेवला आहात का, या साध्या प्रश्नाने सुरुवात होते. मग भाजलेल्या मार्शमेलोला, म्हणजे एका मऊ गोड मिठाईला, माशाची चव का लागली, अशी विचारणा होते. आणि शेवटी, मागवलेले फ्राइज आलेच नाहीत, आता ते नकोत एवढे स्वयंपाकघरात कळवाल का, अशी विनंती करून लेखक आभार मानतो. शिवी एकही नाही. टेबलावर काय आले आणि काय आलेच नाही याची नेमकी नोंद आहे, आणि एका पाठोपाठ एक येणाऱ्या प्रश्नांच्या सभ्य सुरामुळे ती अधिकच झोंबते. फिएरींनी दूरचित्रवाणीवर येऊन समीक्षकाच्या हेतूवर शंका घेतली. रेस्टॉरंट मात्र लगेच बुडाले नाही. ते २०१७ च्या अखेरीस बंद झाले.

रेनर यांनीही २०१७ मध्ये पॅरिसमधल्या तीन मिशेलिन तारे (मिशेलिन मार्गदर्शिकेचा सर्वोच्च दर्जा) मिरवणाऱ्या ‘ल सँक’ या रेस्टॉरंटचे वाभाडे काढले. दोघांच्या जेवणाचे बिल सहाशे युरो झाले होते, आणि तिथला कांद्याचा एक पदार्थ त्यांना दुःस्वप्नासारखा काळा वाटला. इतके पैसे मोजायला लावणाऱ्या जागेवर असे आसूड ओढलेले वाचकाला रुचते. गल्लीतल्या छोट्या खानावळीवर ओढले असते तर तोच वाचक समीक्षकावर रागावला असता, आणि माझ्या मते ते योग्यच ठरले असते.

अशी प्रकरणे कोर्टातही गेली आहेत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये समीक्षक रिचर्ड कॉलिन यांनी एका रेस्टॉरंटच्या बदकावरील सॉसला ‘पिवळा मृत्यू’ म्हटले, तेव्हा लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हे केवळ मतप्रदर्शन आहे असे ठरवून समीक्षकाच्या बाजूने कौल दिला. न्यूयॉर्कच्या ‘मिस्टर चाऊ’ या चिनी रेस्टॉरंटला ज्युरीने मंजूर केलेली भरपाईही १९८५ मध्ये अपिलात रद्द झाली. ऑस्ट्रेलियात उलटे घडले. सिडनीच्या ‘कोको रोको’ला २००३ मध्ये ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ने वीसपैकी नऊ गुण दिले, काही महिन्यांत ते बंद पडले आणि अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, वृत्तपत्राविरुद्ध सहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला.