सरकारी बँका एकत्र आल्या, पण घोडं कुठे अडलं?

१ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. २०१७ च्या सुरुवातीला सत्तावीस असलेल्या सरकारी बँका त्या दिवशी बारावर आल्या. अधिसूचना निघाली की ठेवी, कर्जं, इमारती आणि कर्मचारी रातोरात मोठ्या बँकेकडे जातात. संगणकातली खाती, व्याजाचे नियम आणि ज्येष्ठता यादी मात्र जागच्या जागीच राहतात. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली, तरी तिचे जुने आयएफएससी (पैसे पाठवताना शाखा ओळखणारे सांकेतिक क्रमांक) ३० जून २०२१ पर्यंत चालत होते.

हा प्रश्न जुना आहे. ४ सप्टेंबर १९९३ रोजी तोट्यातली न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली. राष्ट्रीयीकृत बँकेनं दुसरी राष्ट्रीयीकृत बँक सामावून घेण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक प्रणालीत, असं नव्हतं; खातेवह्या शाखेतच असायच्या, त्यामुळे खरं भांडण पेटलं ते सेवाज्येष्ठतेवरून. दोन बँकांत बढत्यांचा वेग वेगळा असला की एकत्र यादीत कोणाला तरी मागे जावं लागतं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५-९६ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला सुमारे ९६ कोटींचा तोटा झाला. त्याचं सगळं खापर विलीनीकरणावर फोडणं बरोबर नाही, पण धसका बसायचा तो बसलाच. दोन राष्ट्रीयीकृत बँका एकत्र आणण्याचा पुढचा निर्णय थेट २०१९ मध्ये अमलात आला.

मधल्या काळात महाराष्ट्रानं वेगळा प्रकार पाहिला. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. सक्तीच्या विलीनीकरणात पूर्वतयारीला असा जेमतेम महिनाच मिळतो. जुळवाजुळव सगळी नंतर.

स्टेट बँकेनं २०१७ मध्ये पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक घेतली. सहयोगी बँकांचं सॉफ्टवेअर एकच, कामाची पद्धतही बरीचशी एक, म्हणजे याहून सोपं काही नाही. तरीही एकाच चौकात समोरासमोर आलेल्या शाखा मिटवाव्या लागल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १,२९५ शाखांची नावं व आयएफएससी बदलले.

अशा वेळी थकीत कर्जाचा आकडाही फुगू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज अनुत्पादक (एनपीए, म्हणजे परतफेड थकलेलं) ठरतं ते कर्जदारनिहाय, खातेनिहाय नव्हे. एकाच कारखान्याचं खातं एका बँकेत नियमित आणि दुसरीत थकलेलं असेल, तर दोन्ही बँका एक झाल्यावर दोन्ही खाती अनुत्पादक होतात. ताळेबंद जोडण्याआधी मोठ्या कर्जदारांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या नाहीत, तर तरतुदीचा, म्हणजे थकीत कर्जांपोटी बाजूला ठेवायच्या रकमेचा, खड्डा पहिल्याच तिमाहीत दिसतो.

बडोदा बँकेत विजया आणि देना १ एप्रिल २०१९ रोजी आल्या. शेअरचं गणित सोपं होतं: विजयाच्या हजार शेअरमागे बडोदा बँकेचे ४०२, देनाच्या हजारामागे ११०. तिन्ही बँका फिनॅकल या बँकिंग सॉफ्टवेअरवर होत्या. तरीही विजयाच्या २,१२८ शाखांचं मायग्रेशन (खाती नव्या बँकेच्या प्रणालीत हलवणं) सप्टेंबर २०२० मध्ये आणि देनाच्या १,७७० शाखांचं डिसेंबरमध्ये संपलं. महामारीनं वेळ खाल्ला हे खरं, पण सॉफ्टवेअरचं नाव एक असलं म्हणजे काम झालं असं नसतं. प्रत्येक बँकेनं त्यात आपापल्या योजना, शुल्कं आणि अहवाल कोंबलेले असतात. २०२० च्या जोड्याही सॉफ्टवेअर बघूनच लावल्या गेल्या: पंजाब नॅशनल आणि युनियनचे गट फिनॅकलचे, कॅनरा-सिंडिकेट फ्लेक्सक्यूबचे, इंडियन-अलाहाबाद ‘बँक्स’ (BaNCS) या सॉफ्टवेअरचे.

मायग्रेशनमध्ये सगळ्यात आधी क्रमांकांची टक्कर सोडवावी लागते. दोन्ही बँकांत एकाच क्रमांकाची शाखा निघते. कॅनरानं यावर साधी युक्ती केली: सिंडिकेटच्या आयएफएससीमधल्या आकड्यात १०,००० मिळवायचे आणि सुरुवातीची चार अक्षरं कॅनराची लावायची. मग योजनांची जुळणी. जुन्या बँकेतल्या प्रत्येक ठेव-कर्ज योजनेला नव्या बँकेतली जोडीदार योजना ठरवायची. जोडीदार नसेल तर ती तशीच चालू ठेवायची. नाहीतर किमान शिलकीचा दंड भलत्याच खात्यांना लागतो. त्यानंतर दोन-तीन वेळा चाचणी मायग्रेशन करून शाखेचा ताळा दोन्हीकडे पैशापर्यंत जुळतो का ते बघायचं. खरं मायग्रेशन शक्यतो सुट्टीला जोडून आणि थोड्या-थोड्या शाखांचं. एखादी तुकडी बिघडली तरी बाकीची बँक चालू राहते.

सोमवारी काउंटरवर तक्रारी येतात त्या बहुतेक बाहेरच्या जोडण्यांच्या: कर्जाचा हप्ता कापण्याची मंजुरी, आधारला जोडलेलं अनुदानाचं खातं, आधीच देऊन ठेवलेले पुढच्या तारखांचे धनादेश.

ग्राहक क्रमांक पॅनवरून एकत्र करण्याचं काम मात्र बऱ्याचदा मागे पडतं. दोन बँकांत प्रत्येकी ३०,००० रुपये व्याज मिळवणाऱ्या ठेवीदाराचा कर पूर्वी कापला जात नव्हता, कारण २०१९-२० ते २०२४-२५ मध्ये बँकेनिहाय मर्यादा (ज्येष्ठ नागरिक सोडून) ४०,००० होती. क्रमांक एक झाला की व्याज ६०,००० दिसतं आणि कर कापला जातो. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही, त्यांच्याकडून कर न कापण्यासाठीचा स्वघोषणा अर्ज (तेव्हाचा १५जी किंवा १५एच) त्याआधीच भरून घेतलेला बरा.