घरगुती वनौषधोपचार

साध्या, थोड्या दिवसांत बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर वनस्पतींचे मूळ, साल, पान, फूल किंवा बी वापरून घरीच औषध करण्याची पद्धती. सर्दी, खोकला, अपचन, किरकोळ खरचटणे एवढेच तिचे खरे क्षेत्र. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने (प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेचा जाहीरनामा) प्राथमिक आरोग्यसेवेत व्यक्ती व समाज यांच्या स्वावलंबनावर भर दिला आणि गरजेप्रमाणे पारंपरिक वैद्यांनाही त्या सेवेत स्थान दिले.

वनस्पतीची ओळख : घरगुती औषधातली चूक पुष्कळदा मात्रेच्याही आधी, वनस्पती ओळखण्यातच होते. गुराखी, मेंढपाळ व वनवासी औषधी नावारूपाने ओळखतात. पण तेवढ्याने त्यांची योजना कळत नाही, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. आज नावारूपाचीही खात्री देता येत नाही.

‘ब्राह्मी’ हे नाव दोन अगदी वेगळ्या वनस्पतींना लावले जाते. बाकोपा मोनिएरीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात. सेंटेला एशियाटिकाचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी व लांब देठाचे असते. निघंटूंनी (औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांनी) दोहोंचे गुण जवळजवळ सारखेच सांगितल्याने घोळ वाढला. काही अभ्यासक दुसरीलाच मूळ ब्राह्मी मानतात. तथापि चरकसंहितेत मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांमध्ये मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस) येतो, तर ब्राह्मीचे घृत (औषधी तूप) अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, चिकित्सेत. दोन नावे दोन द्रव्यांची असावीत, असे यावरून वाटते. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशानेही बाकोपाला ब्राह्मी व सेंटेलाला मंडूकपर्णी म्हटले आहे. ही अदलाबदल सहसा जिवावर बेतत नाही.

प्रत्येक अदलाबदल अशी निभावत नाही. ब्रुसेल्समध्ये 1990 नंतर वजन घटवण्याच्या उपचारात स्टेफानिया टेट्रँड्राऐवजी ॲरिस्टोलोकिया फांगची वापरली गेली. चिनी भाषेत दोहोंच्या नावांत ‘फांगजी’ हा शब्द समान आहे. सुमारे शंभर जणांची मूत्रपिंडे बिघडली; त्यांपैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

गुळवेलीबाबतचा वाद अलीकडचा आहे. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही आणि पुढे टिनोस्पोरा क्रिस्पा या भगिनी जातीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. खोडावर ठळक गाठी असणे ही क्रिस्पाची खूण. खऱ्या गुळवेलीचे खोड आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तिचे चक्रलक्षणिका हे नाव यावरूनच पडले. मात्र केवळ गल्लतीचा खुलासा पुरेसा वाटत नाही. बाधित रुग्णांपैकी काहींना आधीच आत्मप्रतिकारक विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) होता. अशा व्यक्तींनी गुळवेल न घेणेच बरे.

मात्रा व कृती : काढ्याचे रूढ प्रमाण शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथातले आहे. या ग्रंथाचा काळ साधारणतः तेरावे-चौदावे शतक मानतात. शार्ङ्गधरपद्धती या सुभाषितसंग्रहाचा (1363) कर्ता तोच, असेही एक मत आहे. पण नामसाम्यावर एवढा भार टाकणे धाडसाचे ठरेल. प्रमाण असे : एक भाग भरड (जाडसर कुटलेली वनस्पती), सोळा भाग पाणी, आटवून अष्टमांश. म्हणजे 10 ग्रॅम भरड 160 मिलि. पाण्यात मंद आचेवर, उघड्या भांड्यात आटवली की 20 मिलि. काढा उरतो. चहासारख्या दोन उकळ्या देऊन गाळलेले पाणी म्हणजे काढा नव्हे. याउलट सुगंधी पाने इतकी आटवली, तर त्यांतले तेल उडून जाते. त्यांचा गरम पाण्यात फांट करावा, म्हणजे ती न आटवता नुसती भिजवून गाळावीत. पुड्यांवरील ‘एक चमचा’ हे माप या कारणाने फार भोंगळ आहे.

परिचित द्रव्यांनाही मर्यादा असते. ज्येष्ठमध रोज, बराच काळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. त्यातील ग्लिसिऱ्हायझिनचे सेवन दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे युरोपीय तज्ज्ञ समितीने सुचवले आहे.

इतर औषधांशी संबंध : सेंट जॉन्स वर्ट या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे यकृतातील विकरे (एन्झाइम) वेगाने काम करू लागतात आणि सायक्लोस्पोरीन (रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध), गर्भनिरोधक गोळ्या वगैरे औषधे रक्तात पुरेशी टिकत नाहीत. 2000 मध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने याच कारणाने नवे हृदय नाकारू लागल्याचे आढळले. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे वनौषधी थांबवाव्यात आणि काय घेत होतो, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

वर्ज्य प्रसंग : गर्भारपणी व अंगावर पाजताना स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये. एक वर्षाखालील बाळाला अनुपान (औषधासोबत द्यायचा पदार्थ) म्हणूनही मध देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येतात. धाप, छातीत दुखणे, रक्त पडणे, शुद्ध हरपणे हा घरगुती उपचाराचा विषयच नव्हे. औषध चालू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ते तत्काळ बंद करावे आणि उरलेली मुळी वा भरड पुडीसह डॉक्टरांकडे न्यावी. नुसत्या नावावरून त्यांना ती ओळखता येईलच असे नाही.