कॉफी आली, कप चहाचेच राहिले

चिखलदऱ्याच्या डोंगरावर इंग्रजी अमदानीपासून कॉफीची झाडं आहेत. तरी खाली अचलपूर-परतवाड्याकडच्या गावांत कॉफी शिरली ती त्या झाडांमुळे नव्हे, किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेतून. तोवर घराघरांत चहाची भांडी होतीच, त्यामुळे कॉफीसाठी वेगळं काही कोणी घेतलं नाही. दक्षिणेत कॉफीला जोडीनं पेला आणि पसरट वाटी मिळाली, तसं इथं घडलं नाही. रोजच्या कपाच्या बऱ्याचशा कटकटी इथूनच सुरू होतात.

सगळ्यांत जुनं पितळ. भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भभर गेली, पण त्यात दूध-कॉफी ओतायची तर आतून कल्हई हवी. कॉफी किंचित आंबट असते. कथलाचा थर झिजला की तांबं उतरतं आणि पेय कळकतं. रोज घासल्या जाणाऱ्या पेल्याची कल्हई लवकर जाते आणि गावात फिरणारा कल्हईवाला आता क्वचितच दिसतो. पितळ फडताळात शोभतं, तिथंच असू द्यावं. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गिलास हलका नि स्वस्त, पण ओठ भाजतो. इनॅमलच्या मगाचा टवका उडाला की खालचं लोखंड गंजतं. असा मग बाद करावा.

चिनी मातीची कपबशी गावात मुख्यतः हॉटेलांच्या वाटेनं रुजली आणि तिचा इतिहास साधा नाही. दलितांसाठी कप वेगळे, बाहेर ठेवलेले, ज्याचे त्यानं धुवायचे, ही रीत अनेक ठिकाणी होती. 1955च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानं हॉटेलातली भांडी वापरू न देणं गुन्हा ठरलं. रीत मात्र कायद्याइतक्या झटपट बदलली नाही.

ही कपबशी चहाच्या मापाची. कपात जेमतेम 80 ते 100 मिली मावतं, उरलेलं काम बशी करते. झटपट कॉफीची 1.5 ते 2 ग्रॅमची पुडी साधारण 150 मिली दूध-पाण्याला पुरते. छोट्या कपात अख्खी पुडी टाकली तर कॉफी कडू होते. अर्धी ठेवली तर पावसाळ्यात ती ओल धरून गोळा होते. म्हणून काठोकाठ 180 मिली मावेल असा कप घ्यावा. किचन काट्यावर रिकामा कप ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि पाणी भरायचं. जितके ग्रॅम, तितके मिली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारकामाला चकाकीच्या भांड्यांची जोड दिली. असा जाड कप डिसेंबरच्या थंडीत कॉफीची बरीच ऊब स्वतःच पिऊन घेतो. आधी गरम पाण्यानं विसळला की प्रश्न मिटतो. आतून भडक रंगवलेला स्वस्त कप टाळा, रंगात शिसं असू शकतं. चकाकीला बारीक तडे गेले की त्यात कॉफीचे डाग बसतात आणि ते घासून जात नाहीत.

मग आंदणातून, नावं कोरलेलं स्टील आलं. फुटत नाही, पण एकेरी पत्र्याचा गिलास हातात धरवत नाही. दुहेरी पत्र्याचा कप हाच सोयीचा, शेतावर तर नक्कीच. घेताना चुंबक लावून पारख करतात ती अर्धवटच: 304 क्रमांकाचं स्टील आणि त्याहून हलक्या प्रतीचं 202, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. तळावरचा 304 किंवा 18/8 हा शिक्का पाहावा. धुतल्यावर कानाशी हलवून बघा. आत पाणी खळखळलं तर जोड उघडला आहे. असा कप विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नका, कोंडलेली वाफ जोड फाडू शकते.

लग्नसराईत वाफेच्या यंत्रावर फेसाळलेल्या कॉफीसोबत कागदी कप आले. आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या 2020च्या अभ्यासात 15 मिनिटांत 100 मिली गरम पेयात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरल्याचं आढळलं.

आठवडी बाजारात कप निवडताना कपाच्या कानात दोन बोटं घालून बघा. बोटांची पेरं कपाच्या भिंतीला टेकत असतील तर गरम कॉफी भरल्यावर ती भाजणार. चहाच्या बहुतेक कपांचे कान एकाच बोटापुरते असतात.