होटेली आणि गेस्टी : झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये जेवायचे कुठे, निजायचे कुठे

टांझानियाच्या मुख्य भूमीवरच्या दार एस सलामहून सुटलेली फेरी सुमारे दोन तासांत झांझिबार बेटावरच्या जुन्या शहराच्या, म्हणजे स्टोन टाउनच्या, धक्क्याला लागते. पाठीवर पिशवी, हातात पासपोर्ट आणि डोक्यावर दुपारचे ऊन अशा अवस्थेत फाटकाबाहेर आलेला प्रवासी नुकतेच पाठ केलेले स्वाहिली वाक्य उच्चारतो : "होटेली इको वापी?" हॉटेल कुठे आहे? समोरचा माणूस आपुलकीने त्याला दोन गल्ल्या ओलांडून नेतो आणि एका उघड्या दारासमोर उभा करतो. आत लाकडी बाके आहेत, भाताचे मोठे पातेले आहे, काचेच्या पेटीत चपात्या रचून ठेवल्या आहेत; खोली मात्र एकही नाही. वाट दाखवणाऱ्याने फसवलेले नाही. जे विचारले तेच त्याने दाखवले आहे.

स्वाहिलीत 'होटेली' म्हणजे रोजच्या बोलण्यात जेवणाखाण्याची जागा. मुक्कामाची जागा ती 'गेस्टी', म्हणजे गेस्ट हाउसचे बोलीतले रूप. पाटीवर किंवा सरकारी कागदावर हीच गेस्टी 'न्युम्बा या कुलाला वागेनी' होते, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुण्यांनी निजण्याचे घर' असा आहे. मराठी माणसाला हा भेद परका वाटण्याचे खरे तर काही कारण नाही. आपल्याकडे एसटी स्थानकासमोरच्या हॉटेलात मिसळ आणि चहा मिळतो, खोली मिळत नाही. खोली हवी असेल तर आपण लॉज शोधतो, आणि दोन्ही एकाच छपराखाली असेल तर तिथे 'लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी असते. गावाकडचा माणूस 'हॉटेलात गेलो होतो' म्हणतो तेव्हा तो रात्री तिथे राहिला होता असे कोणी समजत नाही. घोटाळा होतो तो परदेशी गेल्यावर आपण इंग्रजीतून विचार करू लागतो म्हणून. झांझिबारमध्ये आपले मराठी 'हॉटेल' डोक्यात ठेवले, तर निम्मे काम होऊन जाते.

पूर्ण काम होत नाही, कारण शब्दाचा दुसरा अर्थही तिथे नांदतो. पर्यटकांसाठी बांधलेल्या मोठ्या निवासी हॉटेलांनाही स्वाहिलीत होटेलीच म्हणतात. फक्त त्यापुढे 'या किटालीई', म्हणजे 'पर्यटकांची', असे विशेषण येते किंवा ताऱ्यांची संख्या सांगितली जाते. त्यामुळे परक्या चेहऱ्याच्या माणसाने नुसते 'होटेली' विचारले, तर ऐकणारा आपल्या परीने अंदाज बांधतो : कोणी भाताच्या पातेल्याकडे नेईल, तर कोणी समुद्राकाठच्या, आपल्या खिशाला न पेलणाऱ्या दारवानापाशी. कमी खर्चात राहू इच्छिणाऱ्याला या दोन्ही जागी खोली मिळणार नाही. त्याने 'गेस्टी' हाच शब्द वापरावा, आणि दारात गेल्यावर 'कुना चुम्बा?', म्हणजे 'खोली आहे का?', असे विचारावे.

आधी होटेलीविषयी, कारण ती समजायला सोपी आणि मराठी जिभेला जवळची आहे. सकाळी तिथे चहा मिळतो. दुधाचा हवा की बिनदुधाचा, हे सांगावे लागते. बिनदुधाच्या चहाला 'चाय या रांगी', म्हणजे 'रंगाचा चहा', म्हणतात. सोबत चपाती, मंदाझी नावाची तळलेली किंचित गोड पुरी, आणि विटुम्बुआ. हे विटुम्बुआ तांदूळ आणि नारळाचे असतात आणि खळगे असलेल्या बिडाच्या तव्यावर होतात; कोकणातल्या कोणाही माणसाने तो तवा पाहिला तर आप्पेपात्र म्हणूनच ओळखेल. दुपारी वाली, म्हणजे भात, आणि त्यावर महारागे : नारळाच्या दुधात शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ. ज्यांना मांस-मासे चालत नाहीत त्यांचे पोट या एका पदार्थावर आठवडाभर चालू शकते. मात्र 'सिली न्यामा, सिली समाकी' (मी मांस खात नाही, मासे खात नाही) हे दोन्ही तुकडे सांगावेत, कारण नुसते 'न्यामा नको' म्हटले की मासा पानात येऊ शकतो. उरोजो नावाचे आंबट-पिवळे पातळ कालवण स्टोन टाउनची खासियत आहे. त्यात भजी आणि बटाट्याचे गोळे घालतात. त्या गोळ्यांना तिथे कचोरी म्हणतात, पण चव आपल्या बटाटेवड्याच्या घराण्यातली. होटेलीपेक्षाही स्वस्त जेवण हवे असेल, तर रस्त्याकडेला पातेली मांडून बसलेल्या बायका असतात. त्यांना 'मामा लिशे' म्हणतात (स्वाहिलीत मामा म्हणजे आई), आणि आपल्या खानावळवाल्या मावशींशी त्यांचे नाते लगेच कळते. अशा जागी दारू मिळत नाही. बेट बहुसंख्य मुसलमानांचे आहे आणि साध्या होटेलीचे गिऱ्हाईक तिथलेच कष्टकरी लोक असतात.

गेस्टी समजून घेण्यासाठी मात्र घर समजून घ्यावे लागते. झांझिबार शहराचा हा जुना भाग, स्टोन टाउन, २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि त्यातल्या अनेक स्वस्त गेस्टी जुन्या व्यापारी वाड्यांतच थाटलेल्या आहेत. १२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर अरब आणि भारतीय कुटुंबांची कितीतरी घरे सरकारजमा झाली. पुढे १९८० च्या दशकात बेट पर्यटनाला खुले होऊ लागले, तशा त्यांतल्या काही वाड्यांत पाहुण्यांसाठी खाटा पडल्या. भिंती प्रवाळी दगडाच्या आणि चुन्याच्या, हातभराहून जाड. त्या दिवसा गारवा धरतात, पण ओलही धरतात, आणि पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे उशीवर पडलेले दिसतात. छत खारफुटीच्या वाशांचे असते. त्या वाशांना बोरिती म्हणतात, आणि वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद होऊ शकते. म्हणून या घरांतल्या खोल्या जेमतेम अडीच-तीन मीटर रुंद आणि बऱ्याच लांब असतात. खोली पाहताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अशा बोळासारख्या खोलीला एकाच टोकाला खिडकी असेल तर वारा आत येतो आणि तिथेच थांबतो. डिसेंबर ते मार्च वाहणारा ईशान्येचा 'कास्काझी' आणि वर्षाच्या मध्यात वाहणारा आग्नेयेचा 'कुसी' हे दोन वारे या किनाऱ्याचे पंचांग आहेत; कास्काझीवरच पूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते इकडे येत. खिडकी कोणत्या वाऱ्याला सामोरी आहे हे गेस्टीवाल्याला विचारले तर त्याला आश्चर्य वाटत नाही, उलट तो दुसरी खोली उघडून दाखवतो.

खोली नेहमी पाहूनच घ्यावी. पलंगावर दिवसा मच्छरदाणी गाठ मारून वर टांगलेली असते. तिला 'चंदारुआ' म्हणतात, आणि हा शब्द ऐकताच आपला चांदवा आठवतो. ती गाठ सोडायला सांगावी आणि जाळी खिडकीसमोर धरून पाहावी. उजेडात भोके लगेच दिसतात. काही ठिकाणी ती दोऱ्याने नीट शिवलेली असतात, आणि शिवलेली जाळी ही घर सांभाळणाऱ्या माणसाची खूण असते. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे ही तपासणी म्हणजे नसता संशय नव्हे. त्यानंतर नळ सोडून पाहावा, पंखा लावून पाहावा, आणि वीज गेल्यावर जनरेटर चालतो का हे विचारावे. बेटाला वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या तारेने येते, आणि १० डिसेंबर २००९ नंतर जवळजवळ तीन महिने सगळे बेट अंधारात होते. आज तशी स्थिती नाही, तरी त्या दिवसांची आठवण असलेला गेस्टीवाला हा प्रश्न गांभीर्याने घेतो. पिना मात्र तीन चौकोनी, ब्रिटिश पद्धतीच्या लागतात. आपल्याकडचा गोल पिनांचा चार्जर तिथे बसत नाही.

दरपत्रकावर आणखी एक फसवा शब्द असतो : 'सेल्फ कंटेन्ड'. आपल्या शहरांत घराच्या जाहिरातीत हा शब्द आला की स्वतंत्र स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येते. पूर्व आफ्रिकेच्या गेस्टीत त्याचा अर्थ एवढाच की न्हाणीघर आणि संडास खोलीला जोडून आहेत. शेगडी नाही, ओटा नाही, भांडी नाहीत. तसेच 'सिंगल' म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक पलंग असलेली खोली. त्यावर दोघे झोपले तरी चालते. 'डबल' म्हटले की दोन पलंग निघण्याचीही शक्यता असते. म्हणून जोडप्याने माणसांची संख्या सांगण्यापेक्षा पलंगांची संख्या विचारावी, पैसे वाचतात.

आता दोन्ही जागांची सरमिसळ होते ती न्याहारीशी. स्टोन टाउनच्या गेस्टीत खोलीच्या भाड्यात सकाळची न्याहारी बहुधा धरलेली असते, आणि ती अनेकदा गच्चीवर मिळते : फळांच्या फोडी, पाव, अंडे, चहा. एवढ्यावरून गेस्टीत जेवणही मिळेल असे समजू नये. दुपारी आणि रात्री तिथली चूल थंड असते. रमजानमध्ये तर हे उलटसुलट होते : दिवसा साध्या होटेली बंद असतात, आणि बिगरमुसलमान पाहुण्याला दिवसाचे एकमेव सहज अन्न मिळते ते गेस्टीच्या आतल्या न्याहारीत. त्या महिन्यात भर रस्त्यात पाणी पिणेही टाळावे. तिथल्या लोकांना ते मनाला लागते, आणि आपल्याला खोलीत जाऊन पाणी पिण्यात काही कष्ट नाहीत.

न्याहारीची वेळ विचारताना स्वाहिली घड्याळ ध्यानात ठेवावे. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. आणि आठ म्हणजे दोन. गेस्टीची बाई 'सा म्बिली' म्हणाली तर दुपारच्या दोनची वाट पाहू नये. बोटीला किंवा बसला निघायचे असेल तर वेळ दोन्ही पद्धतींनी बोलून खात्री करून घेतलेली बरी. वयस्कर व्यक्तीशी बोलणे 'शिकामू' या आदराच्या अभिवादनाने सुरू करावे. ती 'मारहाबा' म्हणते आणि त्यानंतरचा भाव, माझा अनुभव असा की, थोडा मऊ होतो.

भावाविषयी. धक्क्यावर गळी पडणाऱ्या दलालांना झांझिबारमध्ये 'पापासी', म्हणजे गोचिडी, म्हणतात. त्यांच्यासोबत गेस्टीत गेले की त्यांची दलाली आपल्याच भाड्यात चढते. त्यांच्याशी भांडू नये, पण पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवून त्या गेस्टीचे नाव सांगत चालू लागावे. भाड्यावर दर रात्री दरमाणशी सरकारी कर वेगळा असतो, तो धरून सांगितला आहे की वगळून, हे विचारावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी प्रवाशाला झांझिबारमध्ये येताना ४४ डॉलरचा प्रवास विमा सक्तीने घ्यावा लागतो, आणि स्वस्त गेस्टीत राहणाऱ्याच्या हिशेबात ही रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून मोठी ठरू शकते. विम्याला स्वाहिलीत 'बिमा' म्हणतात, पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी'. टांझानियाची सर्वांत मोठी नोट १०,००० शिलिंगची असल्याने आठवडाभराच्या मुक्कामाचा हिशेब लाकीतच होतो, आणि तो ऐकताना मराठी कानाला दुभाष्या लागत नाही.

मुख्य भूमीवरच्या टांगा किंवा पांगानी अशा किनारी गावांत गेलात तर हाच भेद अधिक उघडा होतो. तिथली गेस्टी पर्यटकांसाठी नसते. फिरते व्यापारी, चालक, कामानिमित्त आलेले नोकरदार तिथे उतरतात. न्याहारीची अपेक्षा ठेवू नये. 'लॉज' या शब्दाला आपल्याकडे जो एक संशयाचा वास आहे, तोच तिथे काही गेस्टींना आहे, कारण खोल्या तासांवरही दिल्या जातात; बिनपरवान्याच्या गेस्टीला तर लोक 'गेस्टी बुबू', म्हणजे मुकी गेस्टी, म्हणतात. म्हणून एकट्या स्त्रीने किंवा कुटुंबाने खोली पाहताना नोंदवही मागावी. परवाना असलेल्या गेस्टीत नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आलात आणि पुढे कुठे जाणार, हे सारे रकाने भरून घेतात. वही नसेल तर बाहेर पडावे, आणि जवळच्या होटेलीत चहा घेत चपात्या लाटणाऱ्या मामालाच विचारावे की कुटुंबाला राहण्याजोगी गेस्टी कोणती. रोज तिच्याकडे न्याहारीला कोण कुठून येते हे तिला ठाऊक असते.