‘त्यांना’मधलं लिंग कुठे गेलं?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात मराठी घरातलं मूल ‘तो आला, ती आली’ ऐकत वाढतं, आणि शेजारच्या गुजराती घरात दोघांनाही ‘ए’: ए आव्यो, ए आवी. गुजरातीत लिंग क्रियापदापर्यंत थांबतं. मराठीत पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं. स्वतःला स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींबाहेर मानणाऱ्या माणसाविषयी बोलताना आपण अडखळतो ते इथेच.

तो, ती, ते ही संस्कृत ‘तद्’ची लेकरं. प्रत्यय लागण्याआधी त्यांचं सामान्यरूप होतं: तो आणि ते यांचं ‘त्या’, तीचं ‘ति’. म्हणजे ‘त्याला’ म्हणताना पुल्लिंग-नपुंसकलिंगाचा भेद मिटलेलाच असतो. ‘मी’ची गोष्ट आणखी सुंदर आहे. तो ‘अहम्’पासून नाही, तृतीयेच्या ‘मया’पासून आला, म्हणून ‘त्याने केलं’ पण नुसतं ‘मी केलं’. ‘अहम्’चा धागा गुजरातीच्या ‘हुं’ने जपला. ‘माझा’, ‘तुझा’मधला झ प्राकृतातल्या मज्झ, तुज्झ यांचा.

‘तिचं घर’ या दोन शब्दांत मालकिणीचंही लिंग आहे आणि घराचंही. गुजराती ‘एनुं घर’ फक्त घराचं सांगतं. मराठीचा हा काटेकोरपणा मला आवडतो, पण तो कुणाला टोचतो हेही खरं.

मात्र अनेकवचनाच्या सामान्यरूपात मराठीने हा काटेकोरपणा कधीच सोडला. संस्कृतात ‘तेषाम्’ आणि ‘तासाम्’ वेगळे होते. आपल्याकडे दोन्हींचं ‘त्यांचं’. त्यांनी सांगितलं, त्यांना आवडतं, त्यांचं घर: आदरार्थी असं बोलावं तर लिंग कळतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली ती १५ एप्रिल २०१४ रोजी. स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम २०१५ मध्ये आलं. इंग्रजीत एका माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून सापडतं. मराठीत कुणी नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते’ सुचवतात; पण ते लेकराला शोभतं, मोठ्या माणसाला वस्तूसारखं लागतं. मला ‘त्यांनी’चीच वाट बरी वाटते.

पेच उरतो तो ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ इथे. वर्तमानात ‘येतात’ दोघांनाही चालतं, पण आधी ते-त्या येतंच. गुजराती घरात आईविषयी आदराने ‘बा आव्यां’ म्हणतात, तेही नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि त्यात अनादर कुणालाच दिसत नाही. मराठीत जुनी माणसं म्हणत, ‘काल त्यांचं येणं झालं.’